एकसष्टाव्या पानापर्यंत

पुरातून वाचलेली प्रत.
कडेला तपकिरी रेघ, कृष्णेनं पाणी कुठवर आणलं त्याची.
वैजयंताबाई म्हणाल्या, एकसष्टच्या पुढं पानं चिकटलीत,
चालत असेल तर न्या.

मार्केट यार्डात दुपारी सौदे थांबतात
तेव्हा पोत्याला टेकून वाचायला घेतली.
बोटं हळदीची. जिथं थांबलो तिथं पानाला पिवळा डाग.

मला वाटलेलं, पहिल्याच पानावर बूट वाजतील,
कुणी ओरडेल, कुणाला फरपटत नेतील.
जुलमाचं राज्य म्हणजे तोंडावरनं कळायला नको?
तसलं काहीच नाही.
रस्ते झाडलेले. नळाला चोवीस तास पाणी,
जे आमच्या खणभागात अजून नाही.
रांगेत कुणी घुसत नाही.
फक्त रोज तिन्हीसांजेला प्रत्येकानं काट्यावर उभं राहायचं.
सकाळपेक्षा वजन भरलं तर विचारतात, काय घेतलंत?
घटलं तर विचारतात, कुणाला दिलंत?
विचारतात तेही खुर्ची देऊन,
पाणी विचारून.

मी तोलाईदार, एकवीस वर्षं काट्यावर.
ओल धरलेलं पोतं काट्यावर खरंच बोलतं
आणि तरी फसवतं, हे मला ठाऊक.
त्या शहरात हे कुणाला ठाऊक आहे का,
चाळीस पानांत तरी दिसलं नाही.

नायक आवडला नाही.
वजनं लिहून घेणारा कारकून. अक्षर मोत्यासारखं.
शेजारचा एक दिवस काट्यावरनं घरी परतला नाही
तर हा त्याच्या नावावर आडवी रेघ मारतो.
पट्टी लावून.
राग आला मला. पुस्तक मिटलं, तंबाखू मळली.
मग बाळू ऐनापुरे आठवला, हमाल,
यायचा बंद झाला त्या आठवड्यात
हजेरीवहीत मीही रेघच मारलेली.
पट्टी नव्हती, एवढंच.

काट्यावरचा साहेब मात्र भला वाटला.
मुलांची नावं लक्षात ठेवतो, खोकल्यावर काढा सांगतो.
तो भला वाटतोय याचीच भीती वाटली.

आणि बटणं विकणारी बाई.
तिला लेखकानं नावसुद्धा दिलेलं नाही.
अडतिसाव्या पानावर ती टेबलाखाली
कारकुनाच्या तळव्यावर तीन बोटं दाबते,
थांबते, मग एक.
तो गोंधळतो. लेखकही काही सांगत नाही.
मी मात्र ताठ बसलो.
आमचे आप्पा रुमालाखाली सौदा करायचे,
अख्खा बाजार भोवती उभा, आणि भाव
दोन माणसांच्या कातडीलाच माहीत.
तीन बोटं, थांबून एक:
बाई काहीतरी मागते आहे, नाहीतर देते आहे.
बाबा रे, बोट दाब तिचं. नाही तर नाही म्हण,
पण बोटानं म्हण.

"काय वाचतोयस एवढं, भूपाल?" धनपाल चौगुले.
"एक गाव आहे," म्हटलं.
"कुठलं?"
सांगता येईना.
"मिरजेच्या पलीकडं का अलीकडं?"
हसला, गेला चहाला.

आता एकसष्ट. पुढची पानं एकाला एक धरून,
विटेसारखी.
सुई आहे खिशात, पोती शिवायची,
हलक्या हातानं घातली तर सुटतीलही.
पण हरिपूरला पेव उघडलं की
लगेच कुणी आत उतरत नसे.
वर्षाची कोंडलेली हवा. आधी कंदील सोडायचा दोरीनं,
आणि काठावर पालथं पडून बघत राहायचं
ज्योत काय करते.