शेवटचा हप्ता

छज्जाला उतार दिलाय, पण घराकडे.
अर्धा इंच. मी पाण्याची नळी धरून दोनदा पाहिलं.
वरून बादली ओतली तर पाणी रस्त्याकडे जातच नाही,
रुसून माहेरी निघाल्यासारखं वळतं
आणि भिंतीत मुरतं.
दर्शनी दगड पुदिन्याच्या रंगाचा ठरला होता.
तीन ओळी पुदिना. मग ट्रक बदलला,
चौथीपासून वर सगळी गाभुळलेली चिंच.

हरविलास म्हणतो, "मैडम, धूप खाएगा तो एक हो जाएगा."
दगड ऊन खाऊन एक होतात, हे मी
एजी ऑफिसातल्या एकतीस वर्षांत
कुठल्याही फायलीत वाचलं नाही.
पुलांची, कालव्यांची, न बांधलेल्या शाळांची बिलं तपासली,
समासात हिरव्या शाईनं लिहिलं: मोजमाप जुळत नाही.
आता थाटीपुरात स्वतःच्याच घरासमोर
खुर्ची टाकून बसलेय,
आणि ते हिरवं पेन कुठल्या खोक्यात गेलं कोण जाणे.

पण खरं भांडण झालं ते फाटकाजवळच्या दगडावरून.
कागदावर ठळक लिहून दिलं होतं: उपळेकर.
दगडावर आलं: उपलेकर.
समोरच्या तोमरांचा नातू मोठ्यानं वाचून हसला.
आजोबांनी त्याला दंडाला धरून आत ओढलं,
मग आतून तेही हसताना ऐकू आले.
इकडे ग्वाल्हेरात उपले म्हणजे गोवऱ्या.
पाच पिढ्या लष्करात कारकुनी केली आम्ही,
एक जण तोफखान्यात होता म्हणे,
आणि आता फाटकावर हे.

"शेवटचा हप्ता मिळणार नाही," मी सांगितलं.
दुसऱ्या दिवशी हरविलास
लज्जारामला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला.

नखांत दगडाची पूड, दोऱ्यानं बांधलेला चष्मा.
खिशातून माझाच कागद काढला, चार घड्यांचा, तेलकट.
त्या अक्षरावर बोट ठेवलं.
"जे तो हम समझे स्याही फैल गई."
देवळांवर, समाध्यांवर, दुकानांवर जन्मभर अक्षरं कोरली त्यानं,
हे एक कधी भेटलंच नव्हतं.

वाळूच्या ढिगावर बोटानं काढून दाखवलं.
तो उकिडवा बसला. म्हणाला, बोलून दाखवा.
ळ.
"ल."
जीभ मागे दुमडायची. ळ.
"ड़."
तिकडे हरविलास पाठमोरा उभा राहून
हळूच करून बघत होता, तेही ऐकलं मी.

रात्री निमिषला फोनवर सगळं रंगवून सांगितलं.
तो म्हणाला, "अगं, मी पण उपलेकरच म्हणतो की."
खरंच की. शाळेत असल्यापासून.
हा आक्षेप मी कधीच नोंदवला नव्हता.

कोरलेलं पुसता येत नाही.
लज्जारामनं दगड सोडवला, पालथा केला,
पाठीवर नव्यानं नाव घातलं.
ळ शेजाऱ्यांहून जरा मोठा झालाय,
पहिल्यांदाच पंगतीला बसलेल्या पोरासारखा
मांडी पसरून.
जुनं नाव आत आहे, सिमेंटमध्ये तोंड खुपसून.

छज्जा तसाच.
फोडला तर लिंटल हलेल म्हणाला,
म्हणून एक भोक, त्यात वीतभर पीव्हीसी.
दगड ऊन खातायत. अजून दोनच रंग आहेत.

लज्जारामचे पैसे त्याच्या हातात दिले,
पावती घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
हप्त्यातून अकरा हजार कापले ते कापलेच.

हरविलास दर मंगळवारी फोन करतो.
नाव घ्यायच्या आधी जरा थांबतो,
तोंडात जीभ जुळवल्याचं कळतं इकडे.
"उपड़ेकर मैडम," म्हणतो,
"वो ग्यारह हज़ार…"