सहाशे सदतीस ओळी

अशोक चौकाच्या मागं, जिथं आता माग उरलेले नाहीत
अशा एका शेडमध्ये
आम्ही सात जण ॲप निवडायला बसलो होतो.
बेचाळीस डिग्री. पंखा आमच्याहून दमलेला.
कोपऱ्यात प्लास्टर घातलेली कुत्री
आणि तिच्याखाली कडा उसवलेली चादर,
मयूर छाप, एक मोर शाबूत.

श्रीनिवास बोम्मड्याळ, आमच्यातला संगणकवाला,
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, एक विषय राहिलेला,
म्हणाला, काकू, कोड लिहायचाच नाही.
नुसती खोकी ओढायची आणि जोडायची.
म्हटलं, मग इतकी वर्षं आम्ही काय करतोय?
सलाईनची खोकी, पारले-जीची खोकी,
आणि ज्यात कुणीतरी रात्रीत पिल्लं सोडून जातं ती.

पहिलं ॲप देखणं. लग्नपत्रिकेसारखं उघडायचं.
पण 'मालकाचं नाव' भरल्याशिवाय पुढं सरकेना.
इरण्णा रिक्षावाला म्हणाला, म्युन्सिपाल्टी लिही.
महबूब नदाफ म्हणाला, वरच्याचं लिही.
श्रीनिवासनं नुसतं टिंब टाकून पाहिलं.
टिंब चाललं नाही.

दुसऱ्याचा भाव डॉलरमध्ये, माणशी, महिन्याला.
वहीच्या पाठीवर मी गुणाकार केला:
सात माणसं म्हणजे रेबीजच्या शेहेचाळीस सुया.
त्यावर कुणी काही बोललं नाही.

तिसरं फुकट. दिसायला किराणा दुकानाची खतावणी.
नेट गेलं तरी चालतं,
आणि आमच्याकडं नेट नळाच्या पाण्याइतकंच भरवशाचं.
अट एकच. पाचशे ओळी.

वहीत सहाशे सदतीस जनावरं.

सोपंय, श्रीनिवास म्हणाला, मेलेली काढून टाकू.
एकशे एक्केचाळीस आहेत, मोजलीत मी.
वर चार जागा उरतात.

नरसूबाई येमूल तोवर बोललीच नव्हती.
सुपात पानं, हातात कात्री,
हजार पुरी होईस्तोवर ती मान वर करत नाही.
तशीच खाली बघत म्हणाली,
"कारखान्यात बी असंच.
छाटात गेलेल्या विड्या मोजत न्हाईत.
वळलेल्या मीच असत्यात."

तिला लिहिता येत नाही. पण वहीतले शेरे तिचे,
मी फक्त उतरवून घेते.
'अठ्ठ्याऐंशी. काळी, डाव्या कानाला खाच.
माग चालू असला की झोपायची. सुट्टीला रडायची.'
'दोनशे चौदा. नाव सांगितलं नाही.'
'तीनशे नऊ. गड्ड्याच्या दारूकामाला भिऊन पळाला,
ट्रॅक्टरखाली. दूध अर्धं पिला.'

श्रीनिवास बराच वेळ त्या अर्ध्या दुधासाठी
खोकं शोधत होता.
तारीख होती. वजन होतं. खर्च होता.
मग त्यानं लॅपटॉप स्वतःकडं वळवला
आणि कुणाला न विचारता दुसरं खातं उघडलं.
तेही फुकट, तेही पाचशे ओळींचं.
एक जित्यांचं, एक गेलेल्यांचं.
कंपनीला कळलं तर?
महबूब म्हणाला, कंपनी येऊ दे की सोलापुरात. चहा पाजू.

दुसऱ्या खात्याला नवा ईमेल लागला.
नरसूबाईच्या नावानं काढला.
पासवर्ड तिनंच सांगितला, तेलुगूत,
कुणाला स्पेलिंग जमेना,
तिघांनी तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं,
शेवटी लागला तो कुठला, ते आज कुणालाच आठवत नाही.
म्हणून त्या खात्यातून बाहेर पडायचं नाही, असं ठरलंय.

जाता जाता तिनं विचारलं,
यात किती मावतील अजून?
तीनशे एकोणसाठ, श्रीनिवास म्हणाला,
आणि म्हटल्यावर त्याला कसंतरीच झालं.

रात्री साडेअकराला कुंभार वेशीतून फोन.
गाढव. नाल्यात. मागचा पाय.
ॲपमध्ये कुत्रा होता, मांजर, गाय, पक्षी.
श्रीनिवास गाढव कसं घालायचं बघतोय, तोवर
इरण्णानं रिक्षा काढलीसुद्धा.
मी पाठीमागं बसले,
काखेत वही, सवयीनं,
आणि दोर.