झीलकरणीनं माईक घेतला

लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या अंगाला,
हिदायत मुल्लाणीचं दुकान. तीन पायऱ्या खाली.
आत कर्णे, वायरींची भेंडोळी,
कुठल्याशा मंडळाचा फाटका स्पीकर, पोट उघडं टाकून.
म्हटलं, गायचा माईक पायजे.
कुणाला?
मला.
मग त्यानं चहा सांगितला.

बावीस वर्षं मागं उभं राहून झील धरली
शाहीर तिवल्यांच्या पार्टीत.
डफाच्या डाव्या हाताला, तिघींत एक माईक.
त्या दोघी उंच, म्हणून स्टँड कायम माझ्या कपाळाला.
माझा आवाज कपाळावरनंच गेला असंल
गडमुडशिंगीपासनं गगनबावड्यापर्यंत.
परवा शाहीर म्हणाले, गुडघं ऐकत न्हाईत.
तेरा तारखेला कळंब्यात तू पुढं हो.
एवढंच.
त्यांचा माईक धाकटा कधीच घेऊन गेलाय, डीजेला.

हिदायतनं पेट्या काढल्या.
पहिला चांदीगत, नाजूक. त्याला सगळंच ऐकू यायचं:
पंखा, दारातली रिक्षा, माझा आवंढा,
पलीकडच्या डंकावर कुटायला आलेली मिरची.
हा बंद खोलीत गाणाऱ्याचा, तो म्हणाला,
तुमच्यात डफच गाईल ह्याच्यातनं.
दुसरा गोड. एवढा गोड, मीच दचकलो,
ही कोण बाई? हिला मी ओळखत न्हाई.

तिसरा काळा, जड,
हातात बत्ता धरल्यागत.
ह्याला ओठ लावा, हिदायत म्हणाला.
हा जवळचंच ऐकतो. चार बोटं लांब गेला की विसरला.
मॉनिटर ह्याच्या शेपटाला ठेवायचा, शिट्टी मारत न्हाई.
मी विचारलं, आणि मागं उभ्या असतात त्या?
त्या ह्याच्या गावी न्हाईत.
त्यांना येगळा घ्या.

म्हणा, म्हणाला.
मी म्हटलं, जी जी रं जी.
परत.
जी रं जी जी जी.
त्यानं मशीनचे कान पिळले. हसला न्हाई.
वहिनी, झील कुठल्याबी माईकवर चालती.
पहिली ओळ म्हणा.

तिथं मी थांबलो.
पहिल्या ओळी सगळ्या पाठ हायत,
पण तोंडातल्या तोंडात,
शाहिरांच्या श्वासावर पाय ठेवून.
त्यांची ओळ संपायच्या आधी श्वास घ्यायचा, हे माझं काम.
ओळ सुरू करायची तर
कुठं घ्यायचा?
चहा आला. त्यावर साय धरली.
दारात दोन हमाल, पाठीवर तूरडाळीची पोती, तसेच थांबलेले.

जाळी ओठाला गार लागली. लोखंडाचा वास.
म्हटलं, आलो पुढं, ऐका मंडळी,
आणि खालनं कायतरी उठलं,
गोठ्यात म्हस हंबरावी तसं,
रॅकवरचा पत्रा थरथरला.
हे माझ्या छातीत होतं व्हय,
एवढी वर्षं, भाड्यानं राहिल्यागत?
एक हमाल पोत्याखालनंच म्हणाला, जी.
सवयीनं म्हणाला असंल.

पाच हजार दोनशे. चार हजार आठशेला तुटलं.
ह्यातच बटणवालाबी येतो, हिदायत म्हणाला,
चालू-बंद आपल्याच हातात. थोडं जास्त पडतील.
मला गावोगावचे सत्कार आठवले,
नारळ आला की स्टेजवर चढणारा एक हात,
टक्,
आणि जी वर उघडी राहिलेली आमची तिघींची तोंडं.
बटण नको, म्हटलं.

मग बांगड्या तरी कमी करा दोन,
दांडीवर वाजतात, लोकास्नी ऐकू जातील.
जाऊदेत की, म्हटलं,
आणि गार चहा
सायीसकट प्यालो.