बाकी

पाटीवर लिहिलंय: ‘मुंबई बंदर, भरतीची वेळ. चित्रकार अज्ञात.’

मी कापसाचा बोळा जिभेवर ओला करते
(थुंकीइतकं मऊ औषध अजून कुठल्या बाटलीत आलेलं नाही)
आणि दीडशे वर्षांचं पिवळं व्हार्निश
नखाएवढ्या जागेतून पुसत जाते.
सोमवारी आभाळ निघालं.
बुधवारी माझगावची टेकडी, तिच्या पायाशी
कौलं उतरवणारा पडाव, पोटापर्यंत पाण्यात गेलेला.
शुक्रवारी एक बाई:
कमरेवर टोपली,
भाव न पटल्यासारखी पाठ फिरवलेली.

निजपकाका, आमचे पहारेकरी, ट्रॉम्ब्याचे,
निवृत्तीला चार महिने उरलेले,
डबा खाऊन येतात, मागे हात बांधून बघतात.
‘‘भरती कोन बोलला?
नांगरलेल्या मचव्यांची नाल बगा ना बाई,
सगल्यांची तोंडा शिवडीकडं.
पानी खाडीतनं भायेर चाललंय.
सुकती हाय ही.’’

मी फाईलमध्ये पेन्सिलीनं लिहिते: ओहोटी?
थोड्या वेळानं प्रश्नचिन्ह खोडते.

चित्र पालथं केलं तेव्हा
मागच्या लाकडी पट्टीवर मोडीतल्या दोन ओळी.
फोटो काढून सरपोतदारांना पाठवला,
त्यांनी रात्री फोनवर वाचून दाखवलं:
होडीभाडे, तीन दिवस, रोजचे आठ आणे.
पावले बारा आणे. बाकी बारा आणे.
पुढे नाव होतं. ते वाळवीनं खाल्लं.

मला हसू आलं. काकांना नाही.
त्यांनी हवेतच दोन मुठी आवळल्या,
एक ओढली, एक आडवी धरली.
‘‘सुकतीत होडी एका जाग्याव ठेवायची म्हंजे काय ते म्हायती हाय?
वल्हवून पुडं जायाला कोनी पन जाईल.
हितं जांभई दिली का टेकडी सरकली,
नि सायब बोंबलला.’’

तेव्हा लक्षात आलं,
कौलं मोजणारा मुकादम आहे, पाठमोरी बाई आहे,
डोलकाठीवर चढलेला उघडा पोरगा आहे,
हा मात्र कुठेच नाही.
कसा असेल?
त्याच्याच होडीत बसून सगळं बघितलेलं.

आज खालची कड.
तिथली तिरकी काळपट रेघ
मी इतके दिवस डाग धरून चालले होते.
बोळ्यामागून बोळे गेले, ती हलेना.
उलट तिच्या टोकाशी
पांढऱ्याचे दोन घाईचे फटकारे वर आले,
पाणी कापल्यावर उठतात तसले.
काकांना हाक मारायची गरज पडली नाही,
ते माझ्या खांद्यामागे वाकलेलेच होते.
‘‘वल्हा,’’ म्हणाले,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

चौकटवाल्या सुताराला सांगितलं,
खालून अर्धा इंच मोकळं सोड.
‘बाई, कड दिसेल.’
दिसू दे.

सहा वाजता दिवे घालवताना
काकांनी पाटीकडे बोट केलं.
सुकती लिवाल तवा, म्हणाले,
बारा आन्याचा पन लिवा.