खापरपणती

तार्तूची नदी गोठली की
हेल्ये रात्रपाळी मागून घेते.
प्रयोगशाळेत वीस अंश असतात बारा महिने,
कृमींना थंडी सोसत नाही.

प्लॅटिनमच्या तारेने ती एकेक उचलते,
मिलिमीटरभर जीव, आरपार दिसणारा.
यांच्या आईने गोड वासाचा एक जंतू खाल्ला,
आजारी पडली, तगली.
तिच्या लेकी मात्र जन्मल्या
त्या वासाकडे पाठ करूनच.

वाण तोच. काना-मात्रेचा फरक नाही.
गुण तेवढा लागला.
आरएनएचा एक तोकडा धागा,
तोही त्या जंतूच्याच पोटातला,
अंड्यापर्यंत निरोप घेऊन गेला:
तिकडे जाऊ नका.

लेक ऐकते. नात ऐकते. पणती.
खापरपणतीसुद्धा, वळते जरा रेंगाळत.
तिच्या पुढच्या नात्याला
आमच्या भाषेत सहसा कुणी हाक मारत नाही.
त्या थाळीतल्या सगळ्या
सरळ वासाकडे निघाल्या.
हेल्येने वहीत लिहिलं: विसरल्या.
मग घड्याळ पाहून वेळ लिहिली.

हेल्येच्या आजीला मार्चमधल्या एका पहाटे
मालगाडीत घातलं होतं, अनवाणी.
आठ वर्षांनी परतली ती, बोलली नाही त्यावर.
पण त्या घरात बूट पलंगाखाली असतात,
नाड्या सैल, टोकं दाराकडे.
आईचे. हेल्येचे. पिरेतचे,
जिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.
नवा विद्यार्थी हे ऐकून उजळला, तशी हेल्ये म्हणाली,
"बघून शिकतात पोरं. माणसाचं नाव घ्यायचं तर
आधी पुरावा आण."
आणि दिवा जवळ ओढला.

पहाटेपर्यंत पाचव्या थाळीत
निम्म्या अधिक निपचित पडलेल्या.
विसरणं एवढं सोपं असतं,
आणि एवढं महाग.

घरी पिरेतची लोरे झोपलेली, चार वर्षांची.
एक बूट स्वयंपाकघरात, चुलीपाशी उताणा,
दुसरा शोधावा लागला.
हेल्येने बोटांवर मोजलं:
आजी, आई, मी, पिरेत.
हिशोबाने ही खापरपणती,
हिला अजून आठवायला हवं होतं.

बर्फाचं पाणी गळत होतं तळव्यातून.
बूट हातात धरून ती उभी राहिली,
दार एकीकडे, मूल एकीकडे,
टोक कुठे करावं
सुचेना.