ओठांवरचं

शेवटच्या वर्षाला फॉर्म आला : पुढे काय?
जर्मनी, आखात, मिलिटरी, खेड्यातलं आरोग्य केंद्र,
नाहीतर एम.एस्सी. करून इथंच शिकवायचं.
जुलेखानं जर्मनी लिहून टाकलं, व्याकरणाची वहीच घेऊन बसली होती.
मी पेनचं टोपण चावत राहिले.

दत्तनगरात आमच्या घरी चार माग.
पहाटेपासून खटखट, म्हणून
कुणी ओरडत नाही. नुसते ओठ हलवतो.
मीठ दे. दोरा तुटला. फी कधी भरायची?
नानाचं उत्तर मी ओठांवरच वाचलं :
भर. एक माग विकू.
आता माग तीन. आवाज तेवढाच.

मेमध्ये सिव्हिलला, आयसीयूत,
सात नंबरचा मल्लय्या.
गळ्यात नळी, आवाज बंद,
हात सारखा झटकायचा.
बेचैन आहे, हात बांधा, म्हणाले डॉक्टर.
इन्चार्ज सिस्टर पट्टी आणायला गेल्या.
मी वाकले. ओठ हलत होते,
तेलुगूत, थेट मागावरच्यासारखे :
चादर काढ गं पोरी, उकडतंय.

बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि आम्ही त्याला
त्यानंच कधी विणली असेल अशी चादर
गळ्यापर्यंत ओढलेली.
काढली. झोपला.
पट्टी कपाटात परत गेली.
कुठल्या सेमिस्टरला शिकवतात गं हे?
सिस्टर हसत म्हणाल्या.

फॉर्मवर 'येणाऱ्या भाषा' असा रकाना आहे.
मराठी, तेलुगू, हिंदी, कामापुरतं इंग्रजी.
त्यापुढे अजून बोटभर जागा.
'पुढे काय' तर कोरंच. उद्या शेवटची तारीख.
आज रात्री नानाला विचारीन,
माग चालू असतानाच.