नखभर

बात्तांबांगकडे म्हणतात,
काळजातलं पाणी उतरलं.

विचेत पंक्चर काढतो.
ट्यूब बादलीत बुडवून
बुडबुडा कुठून येतो बघत बसतो,
गिऱ्हाईक निघून गेलं तरी.

दोन महिने झोप नाही. भात कडू.
बायको म्हणाली, बाहेरचं काही असेल.
मग स्वतःच म्हणाली, नसेल. चल.

आरोग्यकेंद्रात नर्स चान्थाने
वेडबिड शब्द काढला नाही.
रिकामा पेला पुढे सरकवला:
"किती उतरलंय? बोटाने दाखव."

त्याने तळाशी बोट टेकवलं.
बराच वेळ.
मग नखभर वर घेतलं.

"एवढं आहे ना," ती म्हणाली.
गोळ्या लिहिल्या, मंगळवार लिहिला.

परतताना स्कूटर बायकोने चालवली.
तो मागे,
तिच्या पाठीला कान लावून,
गळती शोधावी तसा.